औषधाचा खरा हिशेब

आमच्या कापड बाजारात काही गोष्टी रोज कानावर पडतात. अमक्याने ही गोळी सुरू केली आणि त्याची साखर उतरली. तमक्याने लस टोचून घेतली आणि पंधरा दिवसांत तो अंथरुणाला खिळला. फलाण्याचे वडील आयुष्यभर मागावर उभे राहिले, रुईची धूळ खाल्ली, तरी ऐंशी वर्षे जगले. गोष्ट खरी असते, सांगणाराही इमानदार असतो. तरीसुद्धा तिच्यातून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा साफ चुकीचा निघतो. "यानंतर ते झाले" आणि "यामुळे ते झाले" ही दोन निरनिराळी खाती आहेत. ती एकात मिसळली की हिशेब बिघडतो.

ही दोन खाती वेगळी कशी मांडावीत, याचे आता एक मोठे शास्त्र झाले आहे. डॉ. मिगेल एर्नान आणि त्यांचे गुरू डॉ. जेम्स रॉबिन्स या दोन संशोधकांनी या शास्त्रात आपली हयात घालवली. त्यांच्या कामाची ओळख आम्ही आज वाचकांना करून देणार आहोत. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की कारागिराच्या घरात आजारपण आले की दुकानाचे भांडवल दवाखान्यात जाते, तेव्हा कोणत्या दव्यावर भरवसा ठेवायचा हा आपल्या जमाखर्चाचाच सवाल आहे. दुसरे असे की या संशोधकांची पद्धत मुळात हिशेबाची आहे, आणि हिशेब समजणाऱ्याला ती समजायला जड जाऊ नये.

औषध विकल्यानंतरचा हिशेब

नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी होते. काही शेकडा किंवा काही हजार रुग्ण घेतात आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडतात. एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला जुना इलाज किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि १९४८ साली प्रसिद्ध झाली. या पद्धतीचा पाया तिने घातला असे मानतात. चिठ्ठीचा फायदा असा की ती कुणाचे तोंड पाहत नाही. गरीब-श्रीमंत, अशक्त-धडधाकट, पथ्य पाळणारा आणि न पाळणारा, सगळे दोन्ही बाजूंना जवळपास सारखे वाटले जातात. मग शेवटी जो फरक उरतो तो औषधाचा.

पण ही चाचणी महाग असते, तिला वर्षे लागतात, आणि तिच्यात फार म्हातारे, गरोदर बाया, चार-चार आजार असलेले लोक सहसा घेतच नाहीत. औषध बाजारात आले की मात्र ते लाखो लोकांच्या पोटात जाते. थॅलिडोमाइडची गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते झोपेचे निर्धोक औषध म्हणून विक्रीला आले आणि गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते तिथे बाजारातून काढले, तोवर जगभर हजारो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. तेव्हापासून जगाला कळून चुकले की औषध विकले म्हणजे काम संपले असे नाही. विकल्यानंतरही त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

तो हिशेब ठेवणाऱ्या शास्त्राला फार्माकोएपिडेमिऑलॉजी म्हणतात. इस्पितळांच्या नोंदी, विमा कंपन्यांची बिले, औषध दुकानांतली विक्री, हे सारे या शास्त्राचे रोजमेळ आणि खतावणी. अडचण एकच, पण मोठी. या वह्यांमध्ये चिठ्ठ्या टाकलेल्या नसतात. औषध कुणाला द्यायचे ते डॉक्टरने रुग्णाकडे बघून ठरवलेले असते आणि घ्यायचे की नाही ते रुग्णाने आपल्या ऐपतीने व अकलेने ठरवलेले असते. म्हणून घेणारे आणि न घेणारे हे मुळातच वेगळे लोक असतात. सगळी गोम इथे आहे.

कारखान्यातून निघालेला सवाल

रॉबिन्स हे मूळचे डॉक्टर, आणि त्यांचे लक्ष होते कामगारांच्या आजारांकडे. कामगारांचा अभ्यास करणाऱ्यांना एक कोडे फार जुने माहीत होते. इंग्लंडमध्ये विल्यम ओगल यांनी १८८५ सालीच ते नोंदवले होते. अंगमेहनतीच्या धंद्यातल्या लोकांचे मृत्यूचे प्रमाण कधी कधी इतरांपेक्षा कमी दिसते. म्हणजे मेहनतीने आयुष्य वाढते काय? तसे नाही. अशक्त माणूस त्या धंद्यात शिरतच नाही, आणि शिरला तरी टिकत नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्रमागाच्या गाळ्यात चाळीस वर्षे काढलेला कारीगर दाखवून मालक म्हणतो, "बघा, धुळीने काही होत नाही." पण त्याच्याबरोबर त्याच वर्षी लागलेले बाकीचे कुठे आहेत? ज्याची छाती भरू लागली त्याने माग सोडला, कुणी टपरी टाकली, कुणी मुलुखाला परत गेला. गाळ्यात उरला तो ज्याच्या छातीने साथ दिली तो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही त्याची ओळखीची खूण. भारताच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो धंद्यामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. पण गाळ्यात उभ्या असलेल्यांचीच मोजणी केली, तर हा आजार आहे तितका कधीच दिसणार नाही.

रॉबिन्स यांनी १९८६ साली याच सवालावर एक मोठा लेख प्रसिद्ध केला. सवाल वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. कामगाराची तब्येत बिघडते म्हणून तो काम सोडतो, आणि काम सोडले की धूळ बंद होते. तब्येतीकडे दुर्लक्ष करून हिशेब केला तर धूळ निरुपद्रवी दिसते. बरे, तब्येत सारखी धरून हिशेब केला तरी फसगत होते, कारण ती तब्येत मुळात धुळीनेच बिघडलेली असू शकते. तब्येत सारखी धरली की धुळीचा गुन्हाही धुऊन निघतो. इकडे आड, तिकडे विहीर.

रॉबिन्स यांनी वाट काढली ती टप्प्याटप्प्याने हिशेब करण्याची. प्रत्येक टप्प्यावर सारख्या तब्येतीचे कामगार घ्यायचे, त्यांतले कोण कामावर राहिले आणि कोण गेले ते पाहायचे, आणि त्यावरून असे चित्र पुन्हा उभे करायचे की सगळेच्या सगळे कामावर राहिले असते तर काय झाले असते, आणि कुणालाच धूळ लागली नसती तर काय झाले असते. "असे झाले असते तर" हा या साऱ्या शास्त्राचा गाभा आहे. लेखातले गणित कठीण होते, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे ते फार थोड्यांना उमगले.

माद्रिदचा डॉक्टर आणि एड्सचे औषध

मिगेल एर्नान यांनी स्पेनमध्ये माद्रिदला डॉक्टरकीचे शिक्षण घेतले आणि १९९० च्या दशकात ते अमेरिकेत बॉस्टनला, हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयात गेले. तिथे त्यांची रॉबिन्स यांच्याशी गाठ पडली. १९९९ साली त्यांची डॉक्टरेट पुरी झाली आणि पुढे ते त्याच विद्यालयात प्राध्यापक झाले. गुरूचे गणित औषधांच्या सवालांना लावायचे, आणि ते साध्या डॉक्टरलाही वापरता येईल असे सोपे करायचे, हे त्यांच्या पुढच्या कारकिर्दीचे सार आहे.

त्यांचे एक गाजलेले काम २००० साली प्रसिद्ध झाले. सवाल होता झिडोवुडिन या औषधाचा. हे एड्सवरचे पहिले मंजूर औषध, अमेरिकेत १९८७ साली आलेले. एर्नान, बॅबेट ब्रमबॅक आणि रॉबिन्स यांनी एचआयव्ही झालेल्या २,१७८ पुरुषांच्या नोंदी घेतल्या. सरळ हिशेब केला तर औषध घेणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या ३.६ पट निघाले. वरवर पाहणारा म्हणेल, हे औषध आहे की जहर? अभ्यासाच्या सुरुवातीची तब्येत हिशेबात धरली तरी आकडा २.३ पट. नव्या पद्धतीने हिशेब केला तेव्हा तोच आकडा ०.७ वर आला. म्हणजे औषधाने मृत्यू वाढवले नव्हते, उलट कमी केले होते.

हे कसे घडले, ते एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

समजा २०० रुग्ण आहेत. १०० फार अशक्त, १०० बऱ्यापैकी धडधाकट. डॉक्टर साहजिकच अशक्तांना औषध जास्त देणार. अशक्तांपैकी ८० जणांना औषध मिळाले, २० जणांना नाही. धडधाकटांपैकी २० जणांना मिळाले, ८० जणांना नाही. औषध घेतलेल्या ८० अशक्तांपैकी ३२ वारले, म्हणजे शेकडा ४०. न घेतलेल्या २० अशक्तांपैकी १० वारले, म्हणजे शेकडा ५०. औषध घेतलेल्या २० धडधाकटांपैकी १ वारला, शेकडा ५. न घेतलेल्या ८० धडधाकटांपैकी ८ वारले, शेकडा १०. दोन्ही ठिकाणी औषधाने गुण दिलेला आहे. पण नुसती बेरीज करा. औषध घेणारे एकूण १००, त्यांत वारले ३३. न घेणारे एकूण १००, त्यांत वारले १८. औषध खुनी ठरले! दोष बेरजेचा नाही. घेणाऱ्यांच्या पारड्यात अशक्तांची गर्दी होती आणि न घेणाऱ्यांच्या पारड्यात धडधाकटांची.

आता वजन बदलून पाहू. औषध न घेतलेले २० अशक्त हे खरे तर सगळ्या १०० अशक्तांचे प्रतिनिधी आहेत, म्हणून त्यांतला प्रत्येकजण ५ जणांच्या बरोबरीचा धरा. औषध घेतलेल्या ८० अशक्तांतला प्रत्येकजण सव्वा माणसाच्या बरोबरीचा. धडधाकटांतही तसेच; घेणारा प्रत्येकजण ५, न घेणारा सव्वा. आता दोन्ही पारड्यांत १०० अशक्त आणि १०० धडधाकट झाले. घेणाऱ्यांच्या बाजूला मृत्यू ४० आणि ५ मिळून ४५. न घेणाऱ्यांच्या बाजूला ५० आणि १० मिळून ६०. खरा हिशेब आता दिसला. जो ज्या गटात क्वचित सापडतो त्याचे वजन वाढवायचे, जो नेहमी सापडतो त्याचे कमी करायचे, की मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी समान वाटणी होते. प्रत्यक्ष कामात हे वजन प्रत्येक तपासणीच्या वेळी नव्याने काढावे लागते, कारण रुग्णाची तब्येत बदलत जाते आणि तिच्यावरून पुढचे औषध ठरते. रॉबिन्स यांचा कारखान्यातला सवाल इथे दवाखान्यात आला.

एड्सच्या औषधांशी आपल्या मुंबईचेही नाते आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने २००१ साली, त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली, तीन औषधांचा एकत्र इलाज आफ्रिकेतील रुग्णांसाठी दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा तसाच इलाज वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जात असे. पण औषध स्वस्त झाले तरी ते कधी सुरू करायचे, हा सवाल उरतोच. रुग्णाच्या रक्तातल्या सीडी-४ पेशी किती उतरल्यावर? युरोप आणि अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांच्या नोंदी एकत्र करून एर्नान यांच्या गटाने २०११ साली दाखवले की पेशी ३५० पर्यंत उतरण्याची वाट न पाहता ५०० च्या आसपासच इलाज सुरू केला, तर एड्सचे आजार आणि मृत्यू मिळून प्रमाण कमी राहते. पुढे ३५ देशांतल्या ४,६८५ लोकांवर चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. लवकर सुरू केलेला इलाजच फायद्याचा, असे तिनेही सांगितले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही झालेल्या प्रत्येकाला इलाज देण्याची शिफारस केली.

घड्याळ कधी सुरू झाले?

दुसरी गोष्ट बायकांच्या औषधाची. पाळी बंद झाल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या देण्याचा रिवाज अमेरिकेत फार वाढला होता. या गोळ्यांनी हृदयविकार टळतो अशी डॉक्टरांची समजूत होती, आणि तिला आधारही होता. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या, १,२१,७०० परिचारिकांच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी दिसला होता. पुढे १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. २००२ साली ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण संप्रेरकांची जोडगोळी घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग जास्त दिसला. हृदयविकारही कमी होण्याऐवजी शेकडा २९ ने जास्त दिसला.

जगभर गोंधळ उडाला. कुणी म्हणाले, परिचारिकांच्या नोंदी निकामी. कुणी म्हणाले, चाचणीतल्या बायका वयाने जास्त होत्या. एर्नान यांनी २००८ साली, इतर सहकाऱ्यांबरोबर, परिचारिकांच्याच जुन्या वह्या पुन्हा काढल्या. मात्र हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. जुन्या पद्धतीत "सध्या घेणाऱ्या" आणि "कधीच न घेणाऱ्या" अशी तुलना होती. सध्या घेणाऱ्यांत कोण असणार? ज्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी गोळी सुरू केली आणि ज्यांना ती मानवली त्या. सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ज्यांना झटका आला, त्या पुढची प्रश्नावली येण्यापूर्वीच यादीतून गळून गेल्या. गाळ्यात उरलेल्या कारीगराचाच हा दुसरा अवतार.

एर्नान यांनी विचारले, चिठ्ठी टाकली असती तर ती कोणत्या दिवशी टाकली असती? गोळी सुरू करण्याच्या दिवशी. मग त्या दिवसापासून सुरू करणाऱ्या आणि सुरू न करणाऱ्या यांचीच तुलना करायची. असे केल्यावर गोळ्यांचा तो मोठा फायदा नाहीसा झाला, आणि पहिल्या दोन वर्षांत धोका वाढल्याची लक्षणेही त्याच वह्यांत दिसू लागली. वह्या खोट्या नव्हत्या. त्यांना सवालच चुकीचा विचारला गेला होता. वयाप्रमाणे या गोळ्यांचा परिणाम बदलतो आणि पाळी जातानाच्या त्रासासाठी डॉक्टर आजही त्या देतात, हेही इथे सांगितले पाहिजे.

घड्याळाची हीच चूक आणखी एका रूपात येते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या अनेक वर्षे घेणाऱ्यांना कर्करोग फार कमी होतो, असे काही अभ्यासांनी सांगितले होते. पण "दहा वर्षे गोळी घेतलेला" ही पदवी मिळवायला माणूस दहा वर्षे जिवंत आणि ठणठणीत असावा लागतो. त्या दहा वर्षांत तो मरूच शकत नाही, कारण मेला असता तर या यादीत आलाच नसता. बाजारातल्या माणसाला हे सोपे आहे. "वीस वर्षे एकच एजन्सी धरून ठेवणाऱ्या दुकानांचे दिवाळे निघत नाही" असे कुणी म्हटले, तर आपण हसू. दिवाळे निघालेले दुकान वीस वर्षे एजन्सी धरणार तरी कसे? एर्नान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ आणि २०१९ साली असे अभ्यास तपासून, घड्याळ नीट लावून हिशेब पुन्हा केला. तेव्हा कर्करोगावरचा तो चमत्कार उरला नाही. स्टॅटिनचा हृदयासाठीचा फायदा ही निराळी बाब आहे. ती चिठ्ठीच्या चाचण्यांनी सिद्ध झालेली आहे.

२०१६ साली एर्नान आणि रॉबिन्स यांनी या साऱ्या अनुभवाची एक रीत करून मांडली. वह्या उघडण्यापूर्वी, शक्य असती तर कोणती चाचणी केली असती ती कागदावर लिहून काढायची: कोण लोक, कोणते दोन इलाज, घड्याळ कोणत्या दिवशी सुरू, कोणता परिणाम मोजायचा, कुठवर. मग वह्यांमधून त्या चाचणीची जमेल तितकी हुबेहूब नक्कल करायची.

लसीचा हिशेब

या रीतीची मोठी कसोटी कोविडच्या काळात लागली. इस्रायलमधील क्लॅलिट या आरोग्य संस्थेच्या नोंदींवरून, एर्नान यांच्या सहभागाने, फेब्रुवारी २०२१ मध्ये फायझरच्या लसीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या ५,९६,६१८ लोकांसाठी तितकेच न घेतलेले जोडीदार शोधले. वय, लिंग, वस्ती, जुने आजार सारखे, आणि घड्याळ त्याच दिवशी सुरू. दुसऱ्या मात्रेनंतर सात दिवसांपुढे लक्षणांसह होणारा कोविड शेकडा ९४ ने कमी आढळला.

पण आम्हाला यातली सर्वांत शिकण्यासारखी बाब वाटते ती पहिल्या बारा दिवसांची. लसीचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. त्या सुरुवातीच्या दिवसांतच लस घेणारे कमी आजारी दिसले असते, तर तो गुण लसीचा नसून माणसांचा, म्हणजे ते मुळातच जपून वागणारे, असे ठरले असते. संशोधकांनी हे तपासले. जोड्या नीट लावल्यावर पहिल्या बारा दिवसांत दोन्ही गटांत आजाराचे प्रमाण जवळपास सारखे होते आणि फरक त्यानंतर पडू लागला. आपला तराजू बरोबर आहे की नाही, हे दोन्ही पारडी रिकामी ठेवून आधी पाहावे, तसाच हा प्रकार.

२०२२ साली सांख्यिकीचे रूसो पारितोषिक रॉबिन्स, एर्नान, आंद्रेआ रॉत्निट्स्की, थॉमस रिचर्डसन आणि एरिक चेटगेन चेटगेन या पाच जणांना या शास्त्रासाठी मिळाले. एर्नान आणि रॉबिन्स यांचे या विषयावरचे पाठ्यपुस्तक एर्नान यांनी इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचायला ठेवले आहे. इल्म तिजोरीत न ठेवण्याची ही वृत्ती आम्हाला विशेष वाटली. आपल्या घरातली जी मुले-मुली सांख्यिकी, फार्मसी किंवा वैद्यक शिकत आहेत, त्यांना हे क्षेत्र जरूर दाखवावे.

या पद्धतीला काय जमत नाही

वाचकांनी या पद्धतीला जादू समजू नये. जे वहीत लिहिलेच नाही, त्याचे वजन कुणालाही काढता येत नाही. रुग्ण तंबाखू खातो की नाही, घरात पोटभर जेवण आहे की नाही, डॉक्टरला त्याच्या चेहऱ्यावर काय दिसले, हे नोंदीत नसेल तर हिशेबात फट राहते. म्हणून जिथे चिठ्ठीची चाचणी शक्य आहे तिथे ती करावीच, असे हे शास्त्र शिकवणारेच सांगतात. जिथे ती शक्य नाही, परवडत नाही किंवा माणुसकीला धरून नाही, तिथे ही रीत कामाला येते. कामगारांच्या दोन टोळ्या करून एका टोळीला मुद्दाम धूळ चारता येत नाही. तिथे आपल्याला नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते.

आपल्या पेढीवर काय न्यावे?

कुठल्याही दाव्याला, मग तो औषधाचा असो, तेलाचा असो की धंद्यातल्या नव्या योजनेचा, चार सवाल विचारावेत.

पहिला, कुणाशी तुलना केली? घेणारे बरे झाले हे अर्धे वाक्य आहे. न घेणाऱ्यांचे काय झाले?

दुसरा, दोन्ही बाजूंचे लोक सारखे होते काय? महागडे टॉनिक घेणारा बहुधा दूध, फळे आणि विश्रांतीही घेतो.

तिसरा, घड्याळ कधी सुरू झाले? ईदच्या आधीच्या आठवड्यात सूट जाहीर करून विक्री वाढली तर ते श्रेय सुटीचे की हंगामाचे, हे मागच्या वर्षीचा त्याच आठवड्याचा रोजमेळ पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

चौथा, यादीतून गळाले कोण? जे उरले त्यांचीच जबानी घेतली, तर निकाल नेहमी उरलेल्यांच्या बाजूने लागतो.

मात्र हे सवाल डॉक्टरला विचारायचे आहेत. लेख वाचून कुणी आपली चालू औषधे बंद करू नयेत. रक्तदाबाची, साखरेची गोळी मनाने सोडणाऱ्यांचे हाल प्रत्येक मोहल्ल्याने पाहिले आहेत.

शेवटी गाळेमालकांना आमची एक सूचना आहे. हजेरीच्या वहीत कामावर असलेल्यांची नावे असतात. त्याच वहीत एक पान सोडून गेलेल्यांसाठी ठेवावे. नाव, किती वर्षे काम केले, कोणत्या खात्यात, आणि का सोडले: पगार, गावची ओढ, की छाती. यासाठी ना मोठे विद्यापीठ लागते ना पैसा. पाच-सात वर्षांनी ते पान उघडले, तर धूळ कुणाला काय करते याचा जबाब गाळ्यात उभ्या असलेल्या तगड्या कारीगरापेक्षा ते पान जास्त इमानदारीने देईल. आणि एखाद्या डॉक्टरने उद्या आपल्या वस्तीत येऊन हा सवाल विचारला, तर त्याच्या हाती द्यायला आपल्याकडे काहीतरी असेल.